गाडीचा पदर आणि कौसल्याबाईंचा नाडा

माझ्या सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभात चार जण बोलले. चौघांनीही माझा वक्तशीरपणा आणि मनमिळाऊ स्वभाव यांचं कौतुक केलं, म्हणजे चौघांनाही माझ्याबद्दल फारशी माहिती नव्हती. नोकरीतली सगळ्यात कष्टाची सहा वर्षं मी कशात घालवली, हे एकानंही सांगितलं नाही. ती मी एक कापड बांधण्यात घालवली. कापड गाडीला होतं, गाडी सरकारची होती, आणि ते कापड चालत्या गाडीवर कधीही, कुठेही, कुणाच्याही अंगावर उघडायचं.

आता नीट सांगते. मी यवतमाळला माती तपासणीच्या प्रयोगशाळेत सहायक होते. माझे वडील कोर्टात नाझर, सासरे हेडमास्तर. आमच्या दोन्ही घरांचा मातीशी संबंध तुळशीच्या कुंडीपुरता. तरी नशिबानं माती आली आणि मला ती आवडायला लागली. काम तसं सोपं असतं. शेतात नागमोडी चालायचं, आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करायचा, त्याच्या कडेची माती खरवडून घ्यायची. सगळी पोत्यावर एकत्र करून तिचे चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेल्याचे पुन्हा चार करायचे. असं करत करत अर्धा किलो उरली की ती कापडी पिशवीत भरायची आणि वर चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर नाव, गट नंबर आणि मागचं पीक. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती घ्यायची नाही, हे मी दिवसातून वीसदा सांगायची. लोक मान डोलवायचे आणि झाडाखालचीच आणायचे, कारण तिथे सावली असते.

गिऱ्हाईकंही एकेक. एकदा एका गृहस्थांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि इकडे-तिकडे पाहून हळूच म्हणाले, "मॅडम, हे माती माह्या वावरातली नोहे. शेजाऱ्याच्या वावरातली हाये. त्याचा कापूस माह्यापेक्षा चांगला काहून येते, थे पाहा जरा."

मी पिशवी ठेवून घेतली. दुपारी दुसरे एक गृहस्थ आले. त्यांनीही इकडे-तिकडे पाहिलं आणि तेच सांगितलं. हे त्या पहिल्याचे शेजारी होते. मी दोन्ही मात्या तपासल्या. दोघांनाही शेणखत टाका म्हणून एकच शिफारस गेली आणि दोघंही माझ्यावर नाराज होऊन परत गेले.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, बियाण्याचा भरवसा नाही, आणि वर्तमानपत्रात रोज आमच्या जिल्ह्याचं नाव. ज्यांनी यवतमाळ नकाशात कधी पाहिलं नव्हतं असे लोक पथकं घेऊन यायला लागले. पथक म्हणजे पाच-सहा गाड्या, एका गावात दहा मिनिटं, एक हार, एक फोटो आणि धूळ. त्यांच्यामागून मदतही यायची, पण ती कोणत्या रूपात येईल याचा नेम नसायचा. कुठे शिलाई मशीन यायचं, कुठे गाय यायची. आमच्या वाट्याला गाडी आली.

कुठल्याशा परदेशी संस्थेनं दिलेली ती फिरती प्रयोगशाळा फार देखणी होती. पुढे ड्रायव्हरची केबिन, मागे बंद खोली. खोलीत टेबल, काचेची भांडी, वजनकाटा, पाण्याची टाकी. केबिन आणि खोली यांच्यामध्ये हजेरीपटाएवढी सरकती काच. खोलीला डाव्या बाजूनं एक दार, उजव्या बाजूला गज लावलेली एक खिडकी. आणि दाराच्या वर, गाडीच्या पूर्ण लांबीत, गुंडाळलेलं एक निळं-पांढरं छत. बाहेरच्या देशांत लोक म्हणे अशा गाडीत संसार घालून सुट्टीवर निघतात आणि थांबतील तिथे हे छत उघडून खाली खुर्च्या टाकून बसतात. आमच्याकडे त्याच्या सावलीत शेतकऱ्यांनी पिशव्या घेऊन रांगेनं बसायचं होतं.

कागदोपत्री त्याचं नाव 'प्रसरणक्षम छायापट'. आमचे ड्रायव्हर गणपतभाऊ त्याला 'पदर' म्हणायचे, आणि पहिल्या महिन्यातच ते नाव तालुकाभर झालं. त्याची रचना मी वाचकांना सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एक लांब नळी, नळीवर कापड गुंडाळलेलं, नळीच्या आत स्प्रिंग, आणि दोन टोकांना दोन लोखंडी हात. हात पुढे ओढले की कापड उलगडतं. सोडले की स्प्रिंग ते परत गुंडाळून घेते. बंद केल्यावर ते उघडू नये म्हणून नळीच्या टोकाशी एक खटका आणि दोन्ही हातांना एकेक खीळ. प्रवासात या तिन्ही गोष्टी लावलेल्याच हव्यात. यातली एक जरी राहिली तरी समोरचा वारा कापडाच्या कडेखाली शिरतो, नळी फिरते, आणि गाडी ताशी चाळीसच्या वेगानं निळा-पांढरा मांडव घेऊन धावायला लागते.

आमची गाडी आली तेव्हा एक खीळ वाटेतच कुठे पडली होती. खटका पहिल्या पावसाळ्यात गंजला. माहितीपुस्तिका होती, पण ती अशा भाषेत होती की कॉलेजातल्या दोन प्राध्यापकांनी तिच्यावर दोन वेगवेगळ्या भाषांचा संशय घेतला.

पहिला प्रकार पांढरकवड्याच्या रस्त्यावर झाला. हैदराबादकडे जाणारे ट्रक आम्हाला हॉर्न देत होते. गणपतभाऊ प्रत्येकाला हात करत होते. "आपली गाडी नवी हाये न मॅडम, म्हनून पाहून राह्यले लोक," ते म्हणाले. मीही दोघा-तिघांना हात केला. मग एका ट्रकचा क्लीनर अर्धा बाहेर लटकून ओरडला, "अबे, मांडव घेऊन कुठी चालला?"

थांबून पाहिलं तर पदर पूर्ण उघडलेला. वाटेत एका ढाब्यावर वाळत घातलेलं एक धोतर त्यात अडकलं होतं, आणि कुठल्याशा लग्नाच्या कमानीची झालर, सोनेरी अक्षरांतल्या 'शुभविवाह' या पाटीसकट. पुढच्या गावी आधीच उशीर झाला होता. पाटी तारेनं इतकी गुंतली होती की ती काढायला वेळ नव्हता. म्हणून आम्ही तसंच काम सुरू केलं. एक आजोबा माती न आणता नुसतेच येऊन बसले. तासाभरानं त्यांनी मला विचारलं, "पोरगी कोन गावची हाये?" त्या दिवशी जेवण नाही हे कळल्यावर ते फार खट्टू झाले.

धोतर आम्ही परत नेऊन दिलं. झालर कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. ज्या कुटुंबाची असेल त्यांची मी या निमित्तानं माफी मागते.

त्यानंतर आम्ही बांधायला लागलो. सुतळीनं बांधलं, सुतळी तुटली. तारेनं बांधलं, तारेनं कापड फाटायला लागलं. सायकलची ट्यूब आवळली. ट्यूब ताणते, ही तिची खुबी आम्ही विसरलो होतो. पदर हवा शिरली की फुगायचा, हवा गेली की मिटायचा, आणि गाडी पूर्ण रस्ताभर श्वास घेत चालायची. गणपतभाऊंनी पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. त्याचा पदराशी काय संबंध, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, तुमचं शास्त्र तर लावून पाह्यलं ना. आता माहं पाहू."

त्यांचंही शास्त्र उमरखेडच्या बसस्टँडसमोर हरलं. तिथे पदर उघडला तो एका राजकीय पुढाऱ्याच्या सत्काराच्या मिरवणुकीवर. पुढारी बैलगाडीत उभे होते. पदरानं त्यांना अलगद झाकलं आणि आम्ही पुढे निघून गेल्यावर ते परत दिसायला लागले. फेटा आमच्याकडे राहिला.

या खेपेला मात्र कागद आला. 'सदर वाहनाचा छायापट यापुढे एकदाही प्रवासात उघडल्याचे निदर्शनास आल्यास वाहन मुख्यालयी जमा करण्यात येईल.' खाली आमच्या जिल्ह्याच्या साहेबांची सही. सोबत तोंडी निरोप असा की पुढच्या आठवड्यात मुख्यालयातून एक मोठे साहेब पथक घेऊन येणार आहेत, मारेगावकडची दोन गावं बघणार आहेत, आणि गाडी ठेवायची की न्यायची ते तेच ठरवतील.

आम्हा दोघांची झोप उडाली. मी कायम नोकरीत होते. गाडी गेली असती तर मला परत आवक-जावकच्या टेबलावर बसवलं असतं, इतकंच. गणपतभाऊंचं तसं नव्हतं. ते गाडीपुरते घेतलेले होते. गाडी गेली की ते गेले. पन्नाशीला आलेल्या माणसाला दुसरी गाडी कोण देणार? ते रोज सकाळी कुणी न सांगता गाडी धुवायला लागले, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

पथकाच्या दोन दिवस आधी आम्ही त्या दोनपैकी पहिल्या गावी तयारीला गेलो. मारेगावच्या पुढचं कापसाचं गाव. वास्तविक माती उन्हाळ्यात घ्यायची असते, शेत रिकामं असताना. पण पथकं हिवाळ्यात यायची, कारण हिवाळ्यात हवा चांगली असते. वेचणी चालू होती. आम्ही चौकात गाडी लावून पदराला गाठी मारत होतो. समोरच्या ओट्यावर एक साठीच्या बाई कापसातला कचरा निवडत बसल्या होत्या. बराच वेळ त्या आमच्याकडे पाहत होत्या. शेवटी उठून आल्या.

"काय बांधून राह्यले तुमी?" त्यांनी विचारलं.

"हे छत, मावशी. चालताना उघडतं," मी म्हटलं.

त्यांनी आमच्या गाठीला एक बोट लावलं. गाठ सुटली. "ह्याले बांधनं म्हंतेत? हे त पुडी बांधल्यावानी झालं."

या कौसल्याबाई. घरची वीस एकर, नवरा कधीचा वारलेला, मुलगा शिक्षक होऊन दुसरीकडे. चाळीस वर्षं त्यांनी स्वतःच्या कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, स्वतः भरल्या होत्या आणि स्वतः बाजारात नेल्या होत्या. ज्यांनी कापसाची बंडी पाहिली नाही त्यांना सांगते. बैलगाडीला चारी बाजूंनी बांबूचे तट्टे लावतात, त्यात कापूस तुडवून भरतात, तट्ट्याच्या वर हातभर चढेपर्यंत. मग जाड दोर, ज्याला आमच्याकडे नाडा म्हणतात, वरून टाकून खालून काढतात आणि दांडक्यानं पीळ देतात. कापूस बसत जातो तसा साधा दोर ढिला पडतो. पण कौसल्याबाईंच्या हातची गाठ अशी की गाडी जितकी हादरेल तितकी ती आवळत जाते. पंचक्रोशीत त्यांची बंडी कधी सांडली नव्हती.

"तुमच्या सडका हादऱ्याच्याच हायेत," त्या म्हणाल्या, "मंग गाठ हादऱ्याची पाह्यजे का नाई?"

त्यांनी घरून अंगठ्याएवढा नाडा आणला. गाडीच्या टपावरून टाकला, खालून काढला, पुन्हा टपावरून, पुन्हा खालून. मग बाभळीचं दांडकं घालून पीळ दिला. आम्ही गाडी मुद्दाम नाल्यातून, नांगरटीतून, खडकातून फिरवून आणली. पदर केसभर हलला नाही. गणपतभाऊंनी कौसल्याबाईंच्या पाया पडायला वाकून पाहिलं. त्यांनी पाय मागे घेतले आणि म्हणाल्या, "पडजा, पन साहेब गेल्यावर."

पथकाच्या दिवशी सकाळी त्या हजर होत्या. मोठे साहेब आले. गोरे, स्थूल, घाईत. दहा मिनिटांत पहिलं गाव झालं. दुसरं गाव बारा किलोमीटरवर. तिथे जाताना त्यांनी एकदम ठरवलं की जीपऐवजी ते फिरत्या प्रयोगशाळेतूनच येणार, म्हणजे वाटेत तपासणी कशी होते तेही पाहता येईल. आमच्या साहेबांचा चेहरा पडला, पण मोठ्या साहेबांना नाही कोण म्हणणार? ते मागच्या खोलीत चढले. माहिती द्यायला मीही चढले. दार लावलं. बाहेर नाडा टपावर पडल्याचा आवाज आला, मग खालून ओढल्याचा, मग दांडक्याचा पीळ. कौसल्याबाईंनी बाहेरून गाडीवर थाप मारली आणि आम्ही निघालो.

रस्ता नेहमीसारखा होता, म्हणजे जागोजागी होता आणि जागोजागी नव्हता. साहेब टेबल धरून बसले होते. मी त्यांना माती दाखवत होते. कापड उघडत नव्हतं. प्रत्येक खड्ड्याला बाहेर दोर करकरत होता आणि मला मनातून इतका आनंद होत होता की मी एका परीक्षानळीत चुकीचं द्रावण ओतलं.

दुसऱ्या गावात ढोल-ताशे, पाटावर आरतीचं ताट, हार घेतलेले सरपंच. गाडी थांबली. साहेबांनी कपडे झटकले, चेहऱ्यावर पाहणीचा भाव आणला आणि दार ढकललं.

दार हललं नाही.

त्यांनी जोरात ढकललं. मीही ढकललं. मग माझ्या लक्षात आलं. छत दाराच्या वर होतं. नाडा छतावरून आला होता, म्हणजे दारावरूनही आला होता. दार बाहेर उघडणारं. दोन दिवस आम्ही गाडी फिरवली ती दोघंही पुढे केबिनमध्ये बसून, आणि गाठ दर वेळी कौसल्याबाईंनीच सोडली होती. मागच्या खोलीत माणूस बसेल आणि तो स्वतः उतरू पाहील, हे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नव्हतं. कापूस कधी स्वतः उतरत नाही.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"बांधलंय, सर," मी म्हटलं.

"कुणाला?"

"आपल्याला."

मी सरकती काच उघडून गणपतभाऊंना सांगितलं. ते उतरले. मग गाव जमलं. नाडा सोडवायला दहा जणांनी दहा टोकं ओढली आणि बारा किलोमीटर आवळत आलेली गाठ आणखी आवळली. दांडकं चाकाच्या बाजूला जाऊन असं बसलं होतं की ते दिसायचं, पण निघायचं नाही. साहेब उजवीकडच्या खिडकीपाशी आले आणि गजांतून म्हणाले, "अहो, कापा ना तो दोर. विळा आणा कुणीतरी."

विळे निदान वीस जणांच्या हातात होते. शेतकऱ्यांच्या गावात विळ्याला काय तोटा. पण कुणी पुढे होईना. सरपंचांनी टोपी सरळ केली आणि म्हणाले, "सायेब, दुसरं काई सांगा."

भरल्या बंडीचा नाडा रस्त्यात कापायचा नाही, अशी त्या भागातली रीत. कापला तर त्या वर्षीचा कापूस दुसऱ्याच्या घरी जातो. चांगल्या वर्षी एखाद्यानं धाडस केलंही असतं. पण भाव पडलेल्या वर्षी, पन्नास लोकांसमोर, साहेबासाठी तो धोका कुणी घ्यायचा? मी गणपतभाऊंकडे पाहिलं. त्यांची नोकरी त्या दोराला बांधलेली होती. ते खाली पाहत म्हणाले, "मॅडम, मले नका सांगू. माही माय अजून वेचाले जाते." आमचे जिल्ह्याचे साहेब बाहेरगावचे होते, त्यांना हे काही मान्य नव्हतं. त्यांनी माझी प्रयोगशाळेची कात्री खिडकीतून मागून घेतली आणि नाड्याला लावली. कात्री चिठ्ठ्या कापायची होती. तिचं एक पातं आरतीच्या ताटात जाऊन पडलं.

तेव्हा ठरलं की कौसल्याबाईंनाच आणायचं. निरोप घेऊन मोटारसायकल गेली. पण बाई मोटारसायकलवर बसत नसत. त्या आपल्या बंडीत येणार, म्हणजे तीन तास तरी कुठे गेले नाहीत.

साहेब संतापले. मग दमले. मग खिडकीशी स्टूल ओढून बसले. सरपंचांनी हार खिडकीच्या गजांना घातला. चहा आला, पण कप गजांतून जाईना. एका म्हातारबाबांनी परसातून पपईच्या पानाची पोकळ दांडी आणली, धुतली, आणि आत सारली. मुख्यालयातले मोठे साहेब पपईच्या दांडीनं चहा प्यायले. मी तोंड फिरवून मातीच्या पिशव्या मोजल्या.

चहा संपल्यावर बोलायला काही उरलं नाही, म्हणून साहेबांनी विचारलं, "काय, कापूस कसा आहे?"

हा प्रश्न प्रत्येक पथक विचारायचं. लोक "हाये जी" म्हणायचे आणि पथक पुढे जायचं. आज पथक कुठेच जाणार नव्हतं. हे लोकांच्या हळूहळू लक्षात आलं. ज्या म्हातारबाबांनी दांडी आणली होती ते खिडकीखाली बसले आणि त्यांनी सुरुवात केली. "चार दिवस खरेदी केंद्रावर बंडी लायनीत उभी व्हती सायेब. पाचव्या दिवशी म्हने, कापूस ओला हाये, घेऊन जा. आता चार दिवस दव खाल्ल्यावर कापूस कोरडा कसा राहीन, तुमीच सांगा."

साहेब माझ्याकडे वळले. ते मला म्हणाले, "लिहून घ्या." माझ्याजवळ कागद नव्हता, पिशव्यांच्या चिठ्ठ्या होत्या. मी त्यावर लिहायला लागले. नाव, गट नंबर, आणि 'मागचे पीक' च्या रकान्यात तक्रार. मग दुसरा बोलला, एकाच पाकिटातलं बियाणं दोन रंगांचं उगवलं म्हणून. मग एक बाई बोलल्या, वेचणीला माणूस मिळत नाही आणि मिळालं तर वजनाच्या वेळी काटा बोलतो एक आणि मालक बोलतो दुसरं. ते मालकही तिथेच उभे होते, ते म्हणाले हे खोटं आहे, आणि साहेबांना मध्ये पडून दोघांचं ऐकावं लागलं. एकानं तर उठून सांगितलं की तुमच्या मॅडम दर वर्षी मातीत नत्र कमी आहे म्हणतात, ते आम्हाला आमच्या बापापासून माहीत आहे.

मला खरंच लाज वाटली. सहा वर्षं मी त्या पदराखाली लोकांना रांगेनं बसवलं होतं, माती घेतली होती, आकडे सांगितले होते आणि पुढच्या माणसाला हाक मारली होती. काम आटोपल्यावर कुणी सावलीत टेकलं की गणपतभाऊ पदर गुंडाळायला लागायचे, आणि ते मीच त्यांना सांगितलेलं असायचं. चिठ्ठ्यांचं पाकीट संपलं तेव्हा साहेबांनी स्वतःच्या खिशातलं दौऱ्याचं छापील वेळापत्रक काढून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, "याच्या मागे लिहा. हे आता काही उपयोगाचं नाही."

कौसल्याबाई आल्या. शांतपणे उतरल्या, बैलांपुढे चारा टाकला, मग गाडीभोवती एक चक्कर मारली. वाकून खाली हात घातला, दांडकं उलटं फिरवलं आणि एकच टोक ओढलं. नाडा खाली पडला. त्यांनी तो गुंडाळून खांद्यावर घेतला.

आमचे जिल्ह्याचे साहेब त्यांच्यावर चढले. "बाई, आत माणसं होती! तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं ना," कौसल्याबाई म्हणाल्या. "माल आत हाये म्हनूनच त बांधलं. रिकामी बंडी कोनी बांधते काय?"

मोठे साहेब दारात उभे होते. कपाळाला घाम, शर्टावर चहाचा डाग. ते काय म्हणतात याकडे मी आणि गणपतभाऊ पाहत होतो. ते खाली उतरले, कौसल्याबाईंना नमस्कार केला, आणि जीपमध्ये बसून निघून गेले. संध्याकाळी गणपतभाऊंनी गाडीतलं आपलं सामान, म्हणजे एक टॉवेल, एक देवाचा फोटो आणि पाण्याची बाटली, पिशवीत भरून घरी नेलं. किल्ली त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. तो आमच्या साहेबांकडे आला आणि त्यांच्या टेबलावरून मी तो वाचला, कसा ते विचारू नका. आमच्या त्या सगळ्या चिठ्ठ्या मागे दोऱ्यानं ओवून जोडल्या होत्या, पिशव्यांना बांधतात तशाच. गाडीबद्दल एकच परिच्छेद होता. 'वाहनाचा छायापट प्रवासात उघडत नाही, याची प्रस्तुत अधिकाऱ्याने समक्ष खात्री केली आहे. वाहन व चालक जिल्ह्यातच ठेवावेत.' आणि त्याखाली, टाइप केलेल्या मजकुरानंतर, पेनानं लिहिलेली एक ओळ. 'यापुढील सर्व पाहणी पथकांना याच वाहनातून, याच बांधणीने न्यावे.'

आमच्या कार्यालयानं अहवालाच्या प्रती काढताना ती शेवटची ओळ गाळली. पुढची पथकं जीपनंच आली आणि दहा मिनिटांनी गेली. पण अहवाल वाचला त्या सकाळी मी किल्ली घेऊन गणपतभाऊंच्या घरी चालत गेले. ते अंगणात बाज विणत बसले होते. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा उलटी-पालटी करून पाहिली आणि घरात आईला हाक मारून म्हणाले, "माये, पानी ठेव तापाले. गाडी धुवाची हाये."